मोरेश्वरनं सुचवलेल्या चार कादंबऱ्या

“...आणि वर्षभरात वाचलंस काय काय?”

याच प्रश्नाची उपेंद्र सामंत वाट पाहत होता.

अप्पा मठकरांनी वेंगुर्ल्याच्या वाचनालयात चाळीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली होती. उपेंद्रला वाचनाला लावलं ते त्यांनीच. आता तो कॉलेजात मराठी शिकवत होता. पण डिसेंबर संपत आला की अप्पांच्या ओटीवर येऊन वर्षाचं वाचन सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

अप्पा खाली फतकल घालून सुपाऱ्या सोलत होते.

“कादंबऱ्या एक्क्याण्णव,” उपेंद्र म्हणाला. “आणि वाचून नुसत्या कपाटात नाही ठेवल्या. ज्याला जी पचेल ती त्याला सुचवली. आमचे प्राचार्य, शेजारच्या डॉक्टरीणबाई, बायकोचा भाऊ... माझ्या सांगण्यावरून तीसएक माणसं तरी वाचायला लागली, अप्पा.”

“बरं झालं.”

एवढंच. मग अप्पांनीच विचारलं,

“तुला कुणी सुचवल्या का?”

“सुचवतात की. कुडाळचा मोरेश्वर तेंडोलकर आठवतो ना? माझ्याबरोबर यायचा वाचनालयात. आमची अदलाबदल चालते. मी आठवड्याला एक धाडतो, कुडाळला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती. तो आपला तीन महिन्यांनी एखादी.”

“कुठल्या दिल्या त्यानं?”

“नावं नाही राहिली लक्षात.”

“गोष्ट सांग.”

उपेंद्रला हे अपेक्षित नव्हतं. त्याला स्वतःच्या यादीबद्दल बोलायचं होतं.

“मार्चमध्ये एक दिली. रेल्वेतला सिग्नलवाला. त्याला लाल-हिरवं कळेनासं होतं आणि तो घरात कुणालाच सांगत नाही. विषय चांगला होता, लेखकाला पेलला नाही.”

“मग?”

“जूनमध्ये धरणाखाली जाणाऱ्या गावाची. त्यातला मास्तर रोज एकेक आळी डोळे मिटून चालतो. पाठ करून ठेवतो. मधली शंभर पानं फार संथ. मी मोरेश्वरला कळवलंसुद्धा तसं.”

“तो काय म्हणाला?”

“पुढं वाच, म्हणाला.”

“वाचलंस?”

“...राहिलं.”

अप्पांनी एक सुपारी सोलून टोपलीत टाकली.

“सप्टेंबरात एका म्हाताऱ्या विणकराची. तो म्हणे धाग्याला हात लावून रंग ओळखतो.” उपेंद्र हसला. “आणि दिवाळीत ती बाईची. तिचा नवरा रोज तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवतो. कपाळ, नाक, हनुवटी. ती विचारते, हे काय नवीन? तर म्हणतो, आत्ताच शिकून घेतो, मग...”

तो बोलता बोलता थांबला.

अप्पांचे हातही थांबले होते.

अंगणात कुणी नव्हतं. माडाची एक झावळी वाऱ्यावर हलत होती, तिच्याकडे उपेंद्र बघत राहिला.

“दिवाळीपासून तो लिहून नाही पाठवत,” तो हळू म्हणाला. “फोनवर आवाज भरून पाठवतो. मला वाटलं... आळस.”



उपेंद्रनं फोन लावला. मोरेश्वरच्या बायकोनं, शालनवहिनीनं उचलला.

“ते जरा पडलेत, भावोजी. कालच कोल्हापूरहून आलो. डावा डोळा गेलाच आता. उजव्याचं काय ते डॉक्टर नीट सांगत नाहीत.”

“वहिनी... मला कुणी कळवलंच नाही.”

“असं कसं?” तिला खरोखरच नवल वाटलं. “मी म्हटलं होतं ह्यांना, निदान उपेंद्रभावोजींना तरी सांगा. तर म्हणाले, सांगतोय ना त्याला. मार्चपासून सांगतोय.”

तिच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं. नव्हता. तिला वाटत होतं, ह्याला सगळं ठाऊक आहे.

फोन केव्हा बंद झाला ते उपेंद्रला कळलं नाही. तो पायरीवर बसला.

“तुम्हाला ठाऊक होतं, अप्पा?”

“नाही.”

“मग तुम्ही नेमकं तेच कसं विचारलंत?”

“मी गोष्ट विचारली. बाकीचं तू सांगितलंस. आत्ता.”



“मी त्याला पन्नास कादंबऱ्या धाडल्या,” उपेंद्र म्हणाला. “चारचारशे पानांच्या. बारीक टाइपातल्या. आणि गेल्या महिन्यात लिहिलं, तुझं वाचन हल्ली गंजलंय म्हणून. ते त्याला वहिनीनं वाचून दाखवलं असेल, अप्पा. तिनं मोठ्यानं वाचलं असेल...”

अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. धीर दिला नाही, रागावलेही नाहीत.

शेवटी उपेंद्र उठला. मोटरसायकलला अडकवलेल्या पिशवीतून त्यानं तीन कोऱ्या कादंबऱ्या काढल्या. अप्पांसाठी म्हणून आणल्या होत्या. त्यानं एकेक उलटून पाहिली, मागचा मजकूर वाचला, पुन्हा पहिली हातात घेतली.

“आत्ता निघालो तर तासाभरात कुडाळात पोचतो. मी बसून वाचून दाखवीन त्याला. यातली कुठली नेऊ?”

अप्पा गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठले, अंगणात आले. त्यांनी त्याच्या हातातली पहिली काढून घेतली. मग दुसरी. तिसरी त्यानं धरून ठेवली होती, तीही सोडवून घेतली.

“रिकाम्या हातानं जा.”