साहेबांचा अंगठा

तपासणीला आलेल्या दणाईत साहेबांनी दुसरीच्या पोरांपुढचे चिंचोके पाहिले आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"गणित डोक्यात करायचं असतं, बाई. हे चिंचोके फेका. बोटांवर मोजणंही बंद. नाहीतर वाईट शेरा लिहीन."

पोरं रडवेली झाली. धामणेबाई मात्र नम्रपणे म्हणाल्या, "बरं साहेब. पण सुधारणा बघायला परत याल ना? आज बुधवार. सतरा दिवसांनी या. तेव्हा वार कोणता येतो तेवढं सांगा, फळ्यावर लिहून ठेवते."

साहेब फळ्याकडे वळले. हात हळूच पाठीमागे गेला आणि अंगठा पेरांवरून सरकू लागला. पाठीमागे बसलेला अख्खा वर्ग खुदखुदला.

बाईंनी मूठभर चिंचोके साहेबांपुढे धरले. "फेकणारच आहोत साहेब. आधी तेवढा वार काढून घ्या."