मुक्या तोटीची किटली

मडकी बोलायची आणि माणसं ऐकून घ्यायची, त्या काळातली गोष्ट. विलायतेतला विल्फ्रेड कुंभार एकदा किटलीच्या पोटातून तोटीत जाणारी भोकं पाडायलाच विसरला आणि किटली तशीच भाजून निघाली. कितीही वाकवा, चहाचा थेंब पडेना. विल्फ्रेडने हातोडी उचलली.

तेवढ्यात शहरातून एक जाणकार बाई आल्या. किटली वाकवून बघताच त्या गदगदल्या. "अहाहा! काय हा संयम!"

झालं! किटली दुकानातल्या काचेच्या कपाटात नाक वर करून बसली. विल्फ्रेडही मुद्दाम बिनभोकांच्या किटल्या घडवू लागला, आणि त्या हातोहात खपू लागल्या.

खाली टेबलावर टवका उडालेली एक तपकिरी किटली असे. काचेतली तिला म्हणाली, "अगं ए, इतक्या वर्षांत तुला कुणी विकत नेलं नाही ना?"

"मागतात गं पुष्कळजण," तपकिरी म्हणाली, "पण विल्फ्रेड देत नाही. त्याला चहा लागतो. तुझ्या त्या बाईंनाही लागतो. माझ्यातला कपभर पोटात गेल्याशिवाय त्यांना तुझ्याबद्दल काही सुचतच नाही."