पंधरा दिवसांची दवंडी

चौथ्यांदा तीच दवंडी झाली आणि देवळगडची अख्खी पेठ खो-खो हसली!

दवंडी अशी होती : "ऐका हो ऐका! उद्यापासून हा समोरचा रस्ता खणला जाईल. गाड्या ओढ्यापलीकडे सोडाव्यात. रहिवाशांनी फळीवरून ये-जा करावी. दुकानदारांनी दुकानं उघडी ठेवावीत. धुळीबद्दल कुरकुर करू नये. पंधरा दिवसांत रस्ता गुळगुळीत होईल होऽऽ!"

रस्ता तर केव्हाच खणलेला होता. मधोमध पुरुषभर खोल चर, त्यावर एकच फळी. कासारीण चराच्या या काठाला बसे, गिऱ्हाईक त्या काठावरून हात पुढे करी, आणि अर्ध्या बांगड्या चरात पडत. हलवायाचे पांढरे पेढे दुपारपर्यंत तांबडे होत. पण रस्त्याचे कारभारी अंबरराव यांना नवा मजकूर लिहायचा कंटाळा. दर पंधरवड्याला ते तोच कागद हलगीवाल्या सिदबाकडे पाठवत.

हसण्याचा आवाज थेट राजवाड्यात पोहोचला. राजा हेमराज संतापला. त्यानं सिदबाला दरबारात बोलावलं. धुळीनं सिदबाचा घसा बसला होता, म्हणून बोलायला त्याची लेक गोजरा बरोबर आली.

"माझ्या दवंडीला लोक हसतात?" राजा गरजला.

"महाराज," अंबरराव घाईनं म्हणाले, "मजकूर उत्तम आहे. वाजवणारा वाईट!"

"मग ऐक, सिदबा! उद्या पुन्हा दवंडी द्यायची. शब्द न् शब्द हाच. ऐकणाऱ्यांतला एक जरी हसला, तर हलगी जप्त आणि तुम्ही बापलेक वेशीबाहेर!"

सिदबानं लेकीकडे पाहिलं. पेठेनं दवंडी ऐकून हसायचं नाही? त्यापेक्षा चर आपोआप बुजणं सोपं होतं!

गोजरानं क्षणभर विचार केला. "महाराज, एक शब्दही बदलणार नाही. पण उभं कुठं राहायचं, ते कागदात लिहिलेलं नाही. ते मी ठरवलं तर चालेल?"

"ठरव की! हवं तर झाडावर चढ!" राजा म्हणाला. अंबरराव गालातल्या गालात हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा मुद्दाम पेठेकडच्या सज्जात येऊन उभा राहिला. पेठेत सिदबाचा पत्ताच नाही! तेवढ्यात हलगी कडाडली, पण वाड्याच्या मागच्या बाजूनं. राजा धावत मागच्या सज्जात गेला. खाली मानकऱ्यांची आळी होती. अंबररावांच्याच दारासमोर सिदबा हलगी वाजवत होता आणि गोजरा खणखणीत आवाजात ओरडत होती, "...उद्यापासून हा समोरचा रस्ता खणला जाईल..."

आळीतली माणसं दारात आली. कुणी हसलं नाही. "पंधरा दिवसांत रस्ता गुळगुळीत होईल होऽऽ!" हे वाक्य आलं तेव्हा तर सगळ्यांचे चेहरे पांढरे पडले.

राजाच्या शिक्क्याची दवंडी झाली, म्हणजे खणणं आलंच! मग जी पळापळ सुरू झाली! अंबररावांच्या दारात चार बैलगाड्या लागल्या आणि गव्हाची पोती आत जाऊ लागली. गायी मेहुण्याच्या गावाला निघाल्या. म्हातारी आई मेण्यात बसून लेकीकडे निघाली. स्वतः अंबरराव उंबऱ्यावर उभे राहून ओरडत होते, "अरे, लोणच्याच्या बरण्या आधी घ्या! आणि सरपण दोन पावसाळ्यांचं भरा!"

"अंबरराव!" राजानं वरूनच हाक मारली. "पंधरा दिवसांत तुम्ही किती गहू खाता?"

अंबरराव पटकन पोत्यांआड सरकले. मेण्याचा पडदा मात्र बाजूला झाला.

"महाराज, लहानपणी माझ्या मांडीवर खेळलात म्हणून सांगते," म्हातारी म्हणाली. "याचे पंधरा दिवस मला विचारा! न्हाणीघर पंधरा दिवसांत बांधतो म्हणाला होता. नातवाच्या बारशाला पाया खणला. परवा त्याच नातवाचं लग्न झालं, तर वऱ्हाडी विहिरीवर आंघोळ करत होते! चला रे, मेणा उचला. फळीवरून चालायचं माझं वय नाही!"

राजानं ओठ दाबून धरले आणि बापलेकीला अन् अंबररावांना वर बोलावलं.

"पोरी, अट तू पाळलीस. कुणीही हसलं नाही. पण या आळीचा रस्ता खणायचं कुणी ठरवलं होतं? माझ्या नावानं खोटी दवंडी दिलीस?"

"खोटी कशी, महाराज? कागद कारभाऱ्यांचा, शिक्का तुमचा. पेठेत हीच दवंडी चार वेळा झाली, तेव्हा कुणी तिला खोटी म्हटलं नाही!"

राजानं अंबररावांकडे वळून पाहिलं. अंबररावांनी कपाळ पुसलं.

"आता ती खरी करणं तुमच्या हातात आहे," गोजरा म्हणाली. "पेठेचा रस्ता पंधरा दिवसांत झाला तर ठीकच. नाही झाला, तर सोळाव्या दिवशी सगळी कुदळ-फावडी या आळीत आणा. आणि फळी एकच द्या!"

"होईल, महाराज!" अंबरराव किंचाळले. "पंधरा कशाला? बारा दिवसांत होईल! दहा! मी आत्ताच जातो!" आणि पायात जोडे न घालताच ते पेठेच्या दिशेनं पळत सुटले.

गोजरानं त्यांच्याकडे बोट दाखवलं.

"बघा, महाराज! पाच वेळा दवंडी दिली, तेव्हा कुठं तिच्यावर विश्वास ठेवणारा पहिला माणूस मिळाला!"

आता मात्र राजाला राहवेना. तो इतका हसला, की पागोटं सज्जातून खाली पडलं. हसत हसतच त्यानं हातातलं सोन्याचं कडं काढून गोजराला दिलं आणि तिथल्या तिथं हुकूम सोडला : यापुढं रस्त्याची दवंडी कुठलीही असो, ती गोजरानंच द्यायची, आणि पहिल्यांदा अंबररावांच्या दारात!