भोक पडलेला तुकडा

एकदा एका प्रयोगशाळेतील, उपकरणे अतिथंड ठेवणारे द्रवरूप हीलियम संपत आले. एकाच प्रयोगापुरते उरले होते, आणि शर्वाणीचे चार वर्षांचे संशोधन त्यावर टांगलेले होते.

तिने धातूचे दोन सूक्ष्म चौकोनी तुकडे घडवले होते. दोन्हींची एकेक कड अतिवाहकाला, म्हणजे विजेला मुळीच न अडवणाऱ्या पदार्थाला, जोडलेली होती. अतिवाहकाच्या सहवासाने तुकड्यातील इलेक्ट्रॉनांच्या सर्वांत खालच्या ऊर्जापायऱ्या रिकाम्या होतात, एवढेच तिला दाखवायचे होते. एका तुकड्यात नखभरही खोट नव्हती. दुसऱ्याच्या मधोमध मात्र घडवताना गोल भोक पडले. त्याच्या डबीवर तिने जड मनाने ‘बाद’ लिहिले.

तिचे वृद्ध मार्गदर्शक घैसास सर आले. त्यांनी डबीवरचा शेरा वाचला आणि ते म्हणाले, “चल, कॅरम खेळू.”

आता सरांना झालंय तरी काय, असे तिच्या मनात आले. पण त्यांना नाही कोण म्हणणार! सरांनी बोर्डाच्या डाव्या कडेला लाल खडू फासला. “ही तुझी अतिवाहकाची कड. आता समोर सरळ मार.”

स्ट्रायकर गेला, आपटला, परत आला. दहादा मारूनही त्याला लाल डाग लागला नाही. मग सरांनी काचेचा जड, गोल पेपरवेट बोर्डाच्या मध्यावर ठेवला. “आता मार.”

स्ट्रायकर पेपरवेटला लागून भलतीकडेच जाऊ लागला. चौथ्या खेपेला तो लाल होऊन आला.

सर म्हणाले, “मोकळ्या चौकोनात इलेक्ट्रॉनांच्या काही वाटा अशाच नुसत्या येरझाऱ्या घालतात. अतिवाहकाला त्या भेटतच नाहीत, मग त्याचा परिणाम त्यांच्यावर होणार कसा? खालच्या पायऱ्या त्याच अडवून बसतात. मध्ये तुझ्या भोकासारखा अडथळा आला की गोंधळ माजतो खरा, पण त्या गोंधळात कोणी सुटत नाही. प्रत्येकाला त्या कडेशी यावंच लागतं.”

“आणि चुकलं तर, सर? हीलियम संपेल.”

“नाही चुकणार. लाव तो तुकडा.”

तिने भोकाचा तुकडा लावला. संध्याकाळी पायऱ्यांवरची गर्दी दाखवणारी पडद्यावरची रेष तळाशी टेकली आणि बराच वेळ वर उठलीच नाही. खालच्या पायऱ्या रिकाम्या होत्या. शर्वाणीचे डोळे भरून आले. तिने डबीवरचा ‘बाद’ खोडला.

आपल्याही आखीव आयुष्यात मधोमध एखादे भोक पडते. शेरा लिहिण्याआधी जरा थांबावे.