डाव्या चाकाची बदली

गाड्यांची चाकं बोलायची, त्या काळी एका जीपला उंच दिसायची हौस आली. मिस्त्रीने नव्या उंच स्प्रिंगा बसवल्या आणि जीप डावीकडे ओढू लागली. स्टीअरिंगने पुढच्या डाव्या चाकावर खापर फोडलं. "हेच ओढतंय मेलं! टाका भंगारात."

चाक हळूच म्हणालं, "मिस्त्रीकाका, आधी मला उजवीकडे लावून तर बघा."

मिस्त्रीने पुढच्या चाकांची अदलाबदल केली. जीप पुन्हा डावीकडेच!

"आता कुणाला टाकायचं भंगारात?" चाकाने उजवीकडून विचारलं.

मिस्त्रीने कपाळावर हात मारला. उंची वाढवायच्या नादात चाकांचे कोन जुळवणारी अलाइनमेंट करायचीच राहिली होती. ती करताच जीप नाकासमोर धावू लागली.

स्टीअरिंग ऐटीत म्हणालं, "माझं पहिल्यापासून हेच म्हणणं होतं, ते चाक डावीकडून हलवा!"