फिल्टरचा सही-शिक्क्याचा अहवाल

नवऱ्याची कंपनी बंद पडली, तेव्हा सुनंदा कुलथे यांनी खात्यातून दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमा एकेक करून तपासल्या. वॉटर फिल्टरच्या देखभालीचे साडेचारशे रुपये अजून जातच होते. उद्या ते पुन्हा कापले गेले, तर मुलीच्या फीचा चेक वटणार नव्हता. त्या फिल्टर कंपनीच्या ऑफिसात गेल्या.

मॅनेजर दाभोळे खुर्चीतून हललेसुद्धा नाहीत. “ओ बाई, करार मध्येच बंद होत नसतो. सेवा घेता, मग पैसे द्या.”

“सेवा खरंच मिळते का, एवढं तरी बघा.”

दाभोळ्यांनी ऐटीत कॉम्प्युटर वळवला. “दर महिन्याला आमचा माणूस येतो. परवाच येऊन गेलाय. फिल्टर साफ, पाणी उत्तम!”

“हे लिहून द्याल?”

“लिहून काय, सही-शिक्क्यानिशी देतो!”

कागद हातात पडताच सुनंदाबाईंनी तो घडी घालून पर्समध्ये ठेवला. मग म्हणाल्या, “आता तुमच्या माणसानं परवा कुठल्या घरी फिल्टर साफ केला, तो पत्ताही त्याच्याकडून घ्या. फिल्टर आम्ही गेल्या दिवाळीतच भंगारात दिला. इतका छान चालत असेल, तर परत घेऊन येते!”

दाभोळे उभे राहिले. “ताई, तो कागद जरा इकडे द्या ना.”

“आधी करार बंद करा, भाऊ. मी थांबते.”

पाच मिनिटांत करार बंद झाला.