सुगरणीच्या लेकी

फार पूर्वी एका तळ्याकाठी गोदू नावाची सुगरण राहायची. पाच दाणे घेऊन ती चिमण्यांना घरटं विणून द्यायची.

एका वर्षी समुद्रापलीकडून करकोचे तयार घरटी घेऊन आले. एका दाण्याला एक! घरटी टिकायचीही बऱ्यापैकी.

"गोदूताई, राग मानू नकोस," चिमणी म्हणाली. "चार पिल्लं आहेत माझी."

"राग कसला गं!" गोदू म्हणाली. विणणं सोडून ती शेतात किडे वेचू लागली. लेकींनाही तिने विणायला शिकवलं नाही.

काही वर्षांनी करकोचे दहा दाणे मागू लागले. चिमणी धावत गोदूकडे आली.

गोदूने गवताचं पातं उचललं. ते चोचीतून निसटलं.

"आता जमत नाही गं," ती दमून म्हणाली. "त्या बघ, माझ्या लेकीसुद्धा करकोच्यांच्याच रांगेत उभ्या आहेत."